अध्याहृत गृहीतकांचा शोध

व्याकरणात ‘अध्याहृत’ असा एक शब्द आहे. ‘घरी जा’ असे म्हटले की ‘तू’ हा कर्ता वाक्यात उच्चारलेला नसतो. तरीही तो मानल्यावाचून वाक्याचा अर्थ लागत नाही. युक्तिवादाचेही असेच आहे. बोलणारा काही कारणे देतो आणि त्यांवरून निष्कर्ष काढतो. कारणे आणि निष्कर्ष यांच्यामध्ये मात्र पुष्कळदा एक विधान असे असते, की ते कोणी उच्चारीत नाही, पण त्याच्यावाचून कारणांपासून निष्कर्षापर्यंत जाता येत नाही. अशा विधानाला अध्याहृत गृहीतक म्हणतात.

भारतीय तत्त्वचिंतनात या व्यापाराचा विचार फार पूर्वी झालेला आहे. मीमांसकांनी ‘अर्थापत्ती’ हे ज्ञानाचे एक स्वतंत्र साधन मानले आणि त्यासाठी देवदत्ताचे उदाहरण दिले. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी तो धष्टपुष्ट आहे. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. दोन ज्ञात गोष्टींचा मेळ घालण्यासाठी येथे तिसरी गोष्ट मानावी लागते. परंतु हा निष्कर्षही एका न उच्चारलेल्या विधानावर उभा आहे : अन्नावाचून कोणी धष्टपुष्ट राहू शकत नाही. हे विधान इतके उघड आहे, की ते सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही. गृहीतक शोधणे अवघड जाते ते याच कारणाने. ते गुप्त ठेवलेले नसते. ते अतिपरिचयामुळे दिसेनासे झालेले असते.

१. शून्याविषयीचा प्रश्न

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरीच्या खोऱ्यातील देवळांचे गाव. तंजावरच्या मराठी राज्यामुळे या भागाशी मराठी भाषकांचा संबंध जुना आहे. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावी एका मराठी कुटुंबात झाला. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपणही येथेच गेले. त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे झाला. वडील कुंभकोणममध्ये कापडाच्या दुकानात कारकून होते. १८९८ ते १९०४ या काळात रामानुजन तेथील टाउन हायस्कूलमध्ये शिकले.

त्यांच्या शाळकरी वयातील एक प्रसंग चरित्रकारांनी नमूद केला आहे. शिक्षक भागाकार समजावून देत होते. तीन केळी तीन मुलांना वाटली तर प्रत्येकाला एक केळे मिळते. कोणत्याही संख्येला त्याच संख्येने भागले असता उत्तर एक येते. यावर रामानुजन यांनी विचारले, की शून्याला शून्याने भागले तरीही उत्तर एकच येईल काय? एकही केळे नाही आणि ते घेणारेही कोणी नाही, तेव्हा प्रत्येकाला एक मिळेल काय?

शिक्षकांच्या नियमात ‘कोणत्याही’ हा शब्द होता. वाटणीच्या उदाहरणात मात्र वाटून घेणारा कोणीतरी आहे, हे न सांगता मानलेले होते. बाराला तीनने भागणे म्हणजे तीनने गुणले असता बारा देणारी संख्या शोधणे. ती चार ही एकच आहे. शून्याने गुणले असता शून्य देणारी संख्या मात्र कोणतीही असू शकते. म्हणून शून्याला शून्याने भागण्याला निश्चित उत्तर नाही. नियम खरा ठरण्यासाठी ‘शून्य सोडून’ एवढे दोन शब्द हवे होते.

२. निषेधाची कसोटी

स्पर्धापरीक्षांतील तर्कक्षमतेच्या प्रश्नपत्रिकांत या विषयावरचे प्रश्न ठरावीक साच्यात येतात. प्रथम एक विधान दिलेले असते, त्याखाली दोन किंवा अधिक गृहीतके असतात, आणि त्यांपैकी कोणते विधानात अंतर्भूत आहे हे विचारलेले असते. कुंभकोणमला दर बारा वर्षांनी महामहम हा स्नानाचा मोठा उत्सव भरतो. १९९२, २००४ आणि २०१६ साली तो झाला. त्यावरून पुढील नमुना घेता येईल.

विधान : महामहमसाठी कुंभकोणमला जाणाऱ्यांनी रेल्वेचे आरक्षण पुष्कळ आधी करावे.
गृहीतक (अ) : ऐनवेळी प्रत्येकाला जागा मिळेलच असे नाही.
गृहीतक (आ) : सर्व यात्रेकरू रेल्वेनेच येतात.

येथे निषेधाची कसोटी उपयोगी पडते. ज्या विधानाविषयी निर्णय करावयाचा असेल, ते खोटे आहे असे क्षणभर मानावे आणि मूळ युक्तिवाद टिकतो की कोसळतो, हे पाहावे. (अ) खोटे मानले तर ऐनवेळीही प्रत्येकाला जागा मिळणार. मग आधी आरक्षण करण्याच्या सल्ल्याला अर्थ उरत नाही. तेव्हा (अ) हे गृहीतक अंतर्भूत आहे. (आ) खोटे मानले, म्हणजे काही यात्रेकरू बसने येतात असे धरले, तरी रेल्वेने जाऊ इच्छिणाऱ्याला दिलेला सल्ला योग्यच राहतो. म्हणून (आ) अंतर्भूत नाही.

ही कसोटी लावताना दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, निषेध नेमका असावा. ‘सर्व यात्रेकरू रेल्वेने येतात’ याचा निषेध ‘काही यात्रेकरू रेल्वेने येत नाहीत’ असा होतो. ‘एकही यात्रेकरू रेल्वेने येत नाही’ असा होत नाही. अनेक विद्यार्थी येथेच चुकतात. दुसरे, विधान खरे आहे की खोटे, हा प्रश्न येथे अप्रस्तुत समजावा. ‘कुंभकोणम कावेरीच्या काठी आहे’ हे खरे आहे, पण आरक्षणाच्या सल्ल्याला त्याची गरज नाही. उलट, एखादे गृहीतक साफ खोटे असूनही युक्तिवाद त्याच्यावरच उभा असू शकतो. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘नेहमी’ असे शब्द असलेले पर्याय विशेष सावधपणे तपासावेत. युक्तिवादाला लागते त्याहून अधिक ते बहुधा सांगत असतात.

३. तीन टिंबांचा अर्थ

उत्तर बरोबर आले म्हणजे वाटेत काही गृहीत धरलेले नव्हते, असा समज सर्वत्र आढळतो. तो किती फसवा आहे हे रामानुजन यांच्याच एका प्रश्नावरून दिसते. १९११ साली त्यांनी ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’च्या नियतकालिकात वाचकांसाठी एक प्रश्न दिला. या संस्थेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. प्रश्न असा होता : पुढील न संपणाऱ्या राशीची किंमत किती?

√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …

वाचकांकडून उत्तर न आल्यामुळे पुढे रामानुजन यांनीच ते दिले. उत्तर ३ असे आहे, आणि त्याची रीत शाळेतील विद्यार्थ्यालाही समजेल अशी आहे. ३ म्हणजे ९ चे वर्गमूळ, आणि ९ म्हणजे १ + २ × ४. यातील ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ, आणि १६ म्हणजे १ + ३ × ५. यातील ५ म्हणजे २५ चे वर्गमूळ, आणि २५ म्हणजे १ + ४ × ६. अशा रीतीने कितीही पुढे जाता येते आणि दर पायरीला दिलेल्या राशीचा आणखी एक थर मिळतो.

ही रीत आता ४ या संख्येला लावून पाहावी. ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ, आणि १६ म्हणजे १ + २ × ७.५. यातील ७.५ म्हणजे ५६.२५ चे वर्गमूळ, आणि ५६.२५ म्हणजे १ + ३ × १८.४२ (दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत). येथेही कितीही पुढे जाता येते, थर तेच मिळतात, आणि एकही पायरी चुकीची नाही. मग त्याच राशीची किंमत ४ असेही ‘सिद्ध’ झाले काय?

दोन्ही युक्तिवादांत न उच्चारलेले विधान एकच आहे : शेवटी लिहिलेल्या टिंबांच्या जागी जे शिल्लक राहते, त्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते. पहिल्या वेळी शिल्लक ४, ५, ६, ७ अशी सावकाश वाढते. दुसऱ्या वेळी ती ७.५, १८.४२, ८४.५४ अशी वाढत पुढच्याच पायरीला १,४२९ च्या वर जाते. न संपणाऱ्या राशीची किंमत म्हणजे काय, हे आधी ठरविले पाहिजे. सर्वमान्य अर्थ असा, की रास क्रमाने एकेका थरानंतर तोडावी आणि येणाऱ्या किमती कोठे जातात ते पाहावे. त्या किमती १.७३, २.२४, २.५६, २.७६ अशा येतात आणि ३ च्या अधिकाधिक जवळ जातात. म्हणून ३ हे उत्तर खरे आणि ४ हे खोटे. अशा राशी निश्चित किमतीकडे केव्हा जातात याची कसोटी पुढे टी. विजयराघवन यांनी दिली. रामानुजन यांचे उत्तर अचूकच होते. रीतीतील मोकळी जागा मात्र ४ चे उदाहरण मांडून पाहिल्यावाचून दिसत नाही.

प्रतिस्पर्धी उदाहरण रचणे ही गृहीतक शोधण्याची दुसरी रीत होय. त्याच पायऱ्यांनी दुसरा, उघड खोटा निष्कर्ष निघतो काय, हे पाहावे. निघत असेल तर दोहोंतील फरक जेथे आहे, तेथेच गृहीतक दडलेले असते.

४. अचूक आकडे, सदोष सूत्र

जेथे उत्तरच चुकले, असेही एक उदाहरण आहे. १६ जानेवारी १९१३ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमधील कारकून असलेल्या रामानुजन यांनी केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. त्यात मूळ संख्यांविषयी एक दावा होता. दिलेल्या मर्यादेच्या आत किती मूळ संख्या आहेत हे सांगणारे सूत्र आपणास मिळाले आहे, आणि मर्यादा कितीही वाढविली तरी खरी संख्या व सूत्राचे उत्तर यांतील फरक बहुधा शून्य किंवा अल्पच राहतो, असे त्यांचे म्हणणे होते.

आकडे पाहता हा दावा पटण्यासारखाच वाटतो. एक हजाराच्या आत १६८ मूळ संख्या आहेत; सूत्र १६८.४ देते. दहा लाखांच्या आत ७८,४९८ आहेत. सूत्र सुमारे ७८,५२७ देते. एवढ्या मोठ्या संख्येत फरक केवळ २९ चा. तरीही दावा खरा नव्हता.

मूळ संख्यांची वाटणी ‘झीटा फल’ या नावाच्या फलाशी निगडित आहे, हे रीमान यांनी १८५९ साली दाखविले होते. हे फल ज्या संमिश्र संख्यांच्या ठिकाणी शून्य होते, त्या प्रत्येक स्थानामुळे मूळ संख्यांच्या गणतीत एक लहानसा चढउतार निर्माण होतो. संमिश्र चलाच्या फलांचा सिद्धान्त त्या काळी रामानुजन यांना अवगत नव्हता. अशी शून्ये नाहीतच असे मानले असता जे सूत्र येते, ते त्यांचे सूत्र होते, असा निर्वाळा हार्डी यांनी पुढे दिला. ‘अशी शून्ये नाहीत’ हे वाक्य रामानुजन यांनी कोठेही लिहिलेले नाही. पण त्याचा निषेध करताच दावा कोसळतो. शून्ये आहेत आणि ती अनंत आहेत. सूत्रातील फरक कोणत्याही ठरावीक मर्यादेत राहत नाही, हे लिटलवूड यांच्या १९१४ मधील संशोधनावरून स्पष्ट होते.

यातून मिळणारा धडा साधा आहे. पडताळ्याची उदाहरणे कितीही जुळली तरी ती गृहीतकाची जागा घेऊ शकत नाहीत. आणि आपल्याला जे ठाऊकच नाही, त्याविषयीही आपण नकळत काहीतरी मानून चालत असतो.

५. परीक्षेचे गृहीतक

तर्काच्या कसोट्या प्रश्नपत्रिकेपुरत्या राखून ठेवण्याचे कारण नाही. परीक्षेलाही त्या लावता येतात. १९०४ साली रामानुजन शिष्यवृत्ती मिळवून कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात दाखल झाले. गणितापुढे इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने ती शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयात जाऊनही एफ. ए. ची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नाही. १९०७ साली ते पुन्हा अनुत्तीर्ण झाले. पदवीचा मार्ग बंद झाला. १९१२ साली पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा तीस रुपयांची नोकरी मिळेपर्यंतची वर्षे ओढग्रस्तीची गेली.

या घटनाक्रमामागील युक्तिवाद असा मांडता येईल : रामानुजन सर्व विषयांत उत्तीर्ण झाले नाहीत, म्हणून ते विद्यापीठाच्या साहाय्यास पात्र नाहीत. मधले विधान असे, की जो पात्र आहे तो सर्व विषयांत उत्तीर्ण होतोच. नियम सर्वांना सारखा होता, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो गैरसोयीचाही नव्हता. म्हणूनच त्यातील गृहीतक कोणाच्या ध्यानात आले नाही. एका विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र ते खोटे होते, आणि त्याची किंमत त्याला भरावी लागली. १९१३ साली मद्रास विद्यापीठाने पदवी नसतानाही रामानुजन यांना दरमहा पंचाहत्तर रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. एक प्रकारे त्या गृहीतकाचा निषेध विद्यापीठानेच केला. १९१८ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या उदाहरणावरून ‘परीक्षेत अनुत्तीर्ण होणारे प्रतिभावान असतात’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर त्यातही एक मोठे गृहीतक शिरेल. एका अपवादाने नियमातील ‘सर्व’ हा शब्द खोटा ठरतो. त्याच्या उलट नियम सिद्ध होत नाही.

सराव

पुढील युक्तिवादांतील अंतर्भूत गृहीतके शोधावीत.

(१) या पुस्तकाला ग्रंथालयात सतत मागणी आहे. म्हणून त्याच्या आणखी प्रती विकत घ्याव्यात. (अ) ही मागणी पुढेही काही काळ राहील. (आ) हे पुस्तक त्या विषयावरील सर्वोत्तम पुस्तक आहे.

(२) मेट्टूर धरणातून पाणी सोडले आहे. तेव्हा कावेरीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांना भाताची लावणी वेळेवर करता येईल. (अ) हे पाणी शेतांपर्यंत वेळेत पोहोचेल. (आ) खोऱ्यात भाताखेरीज दुसरे पीक होत नाही.

(३) ती कुंभकोणममध्ये लहानाची मोठी झाली. म्हणून तिला तमिळ वाचता येत असेल. (गृहीतक स्वतः लिहावे.)

उत्तरे : पहिल्या दोन्ही प्रश्नांत (अ) अंतर्भूत आहे, (आ) नाही. तिसऱ्यात ‘कुंभकोणममध्ये वाढलेल्यांना बहुधा तमिळ वाचता येते’ एवढेच गृहीतक पुरते. निष्कर्ष ‘असेल’ असा संभवाचा असल्यामुळे ‘सर्वांना वाचता येते’ असे मानण्याची गरज नाही. जेवढे लागते तेवढेच शोधावे. अधिक शोधले तर ते आपले स्वतःचे गृहीतक होते.