व्हिडिओ आपोआप का वाजत नाही?

ग्वाल्हेरला माझे मामा गाणे शिकवतात. त्यांनी गायलेल्या बंदिशी शिष्यांना घरी बसून पाहता-ऐकता याव्यात म्हणून मी एक छोटे संकेतस्थळ करून दिले होते. पान उघडताच व्हिडिओ आपोआप सुरू होई. या सोयीला 'ऑटोप्ले' म्हणतात. २०१८ च्या उन्हाळ्यात मात्र चित्र जागच्या जागी थिजून राहते, अशा तक्रारी येऊ लागल्या. मामांच्या संगणकावर सारे सुरळीत वाजत असल्यामुळे त्यांनी शिष्यांनाच आळशी ठरवून टाकले! हे कोडे सोडवताना मला जे समजले ते येथे मांडतो.

वेबवरचा प्लेअर स्वतः काही वाजवीत नाही. तो म्हणजे बटणे आणि पट्ट्या यांचा वरचा साज. वाजवण्याचे खरे काम ब्राउझरचे. पान उघडताच जाहिराती ओरडू लागल्या, मोबाइलचा डेटा फुकट जाऊ लागला, तेव्हा ब्राउझरांनी लगाम खेचला. सफारीने सप्टेंबर २०१७ मध्ये, क्रोमने एप्रिल २०१८ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१९ मध्ये. तपशिलात फरक आहेत, पण मुख्य नियम असा की, मूक व्हिडिओ आपोआप चालू शकतो. आवाज हवा असेल तर पाहणाऱ्याने आधी त्या पानावर कोठेतरी क्लिक किंवा स्पर्श केलेला असावा.

मग मामांकडे कसे वाजे? क्रोम संगणकावर प्रत्येक स्थळाचा एक हिशेब ठेवतो. समोर उघडलेल्या टॅबमध्ये, आवाजासह, सात सेकंदांहून अधिक काळ व्हिडिओ पाहिला की त्या स्थळाच्या खात्यात जमा होते. मामा रोज आपलीच मुद्रणे तपासत. त्यामुळे त्यांची पत भरपूर होती. व्हॉट्सअॅपवरची लिंक दाबून थेट येणाऱ्या शिष्याची काहीच नव्हती. संकेतस्थळ करणारा स्वतःच्या यंत्रावर तपासतो आणि फसतो, तो येथेच.

त्यात माझी स्वतःची एक चूक होती. 'वाजव' असे सांगितले की वाजलेच, असे धरून मी लगेच बटणावर 'थांबवा'चे चिन्ह उमटवीत असे. वास्तविक आताच्या ब्राउझरांत ती आज्ञा नसून विनंती असते. होकार वा नकार क्षणभराने येतो आणि त्याची वाट पाहावी लागते. मी ती पाहत नव्हतो. व्हिडिओ थांबलेला, आणि बटण सांगते चालू आहे!

मग मी प्लेअर नव्या आवृत्तीवर नेला. व्हिडिओ-जेएस या प्लेअरमध्ये ऑटोप्लेसाठी 'एनी' अशी एक निवड आहे. आधी आवाजासह प्रयत्न करायचा. नकार आला तर आवाज बंद करून पुन्हा प्रयत्न करायचा. चित्र हलू लागले, तक्रारी थांबल्या, मी खूश झालो. पण ग्वाल्हेर घराण्याच्या ख्यालात स्थायी आणि अंतरा आरंभीच पूर्ण मांडतात, विस्तार त्यानंतर. शिष्य आवाजाचे बटण शोधून दाबीपर्यंत स्थायी संपून गेलेली असे. मामांचे ओठ हलताना दिसत, हात सम दाखवी, आणि ऐकू काहीच येत नसे. जी बंदिश शिकायची तीच मूक. "अरे, मुखडाच गिळलास की!" मामा म्हणाले.

जाहिरातीच्या किंवा सजावटीच्या चित्राला मूक ऑटोप्ले चालेल. गाण्याला चालत नाही. आता मी ऑटोप्ले काढून टाकला आहे. पहिल्या चित्रावर 'ऐका' असे मोठे बटण आहे. तो एक स्पर्श झाला की ब्राउझरची परवानगीही आपसूक मिळते आणि तंबोऱ्यापासून सारे ऐकू येते. 'थांबवा'चे चिन्ह प्रत्यक्ष वाजू लागल्याची सूचना आल्यावरच उमटते.

आमच्या इथे तर आधी आपोआप वाजायचे, मग हे बटण कशाला, असे मामा अजून विचारतात.