‘साठी बुद्धी नाठी’ नव्हे, हा मेंदूचा आजार

घरातील वडीलधारी व्यक्ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली, शेताच्या रोजच्या वाटेवर चुकू लागली, की ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून तिकडे दुर्लक्ष केले जाते. वाशीमसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात असे विस्मरण वार्धक्याचाच भाग समजले जाते. परंतु प्रत्येक विस्मरण वयामुळे होत नाही. स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण असलेला अल्झायमर हा मेंदूचा आजार आहे.

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका दिवंगत महिला रुग्णाच्या मेंदूत चेतापेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आतील गुंते पाहिले. ते थर कोणत्या प्रथिनाचे आहेत, हे उमगण्यास मात्र १९८४-८५ साल उजाडावे लागले.

घातक तुकडा कसा तयार होतो?

चेतापेशींच्या आवरणात ‘एपीपी’ नावाचे एक लांब प्रथिन असते. शरीरातील विकर ते कातरीप्रमाणे तोडतात. ज्वारीचा धांडा कोठे तोडला यावर त्याचे तुकडे ठरतात, तसेच येथे घडते. अल्फा विकराने तोडल्यास घातक भाग मधोमध तुटतो व तयारच होत नाही. आधी बीटा आणि नंतर गॅमा विकराने तोडल्यास ‘अमायलॉइड बीटा’ हा तुकडा सुटा होतो. त्यात बहुधा ४० अमिनो आम्ले असतात; ४२ अमिनो आम्लांचा तुकडा अधिक चिकट असून तो लवकर गोळा होतो. हे तुकडे निरोगी मेंदूतही निर्माण होतात, पण तेथे त्यांचा निचरा होत राहतो. निचरा मंदावला की थर साचतात. पुढे पेशींच्या आतील ‘टाऊ’ प्रथिनाचे गुंते वाढतात आणि पेशी मरू लागतात.

एपीपीचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. हे गुणसूत्र जादा असलेल्या डाऊन सिंड्रोमच्या व्यक्तींना हा आजार लवकर गाठतो. याउलट, बीटा विकराची तोड कमी करणारा एक जनुकीय बदल आइसलँडमधील काही लोकांना संरक्षण देतो, असे २०१२ साली आढळले.

उपचार आणि दक्षता

बीटा विकर रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या यशस्वी झाल्या नाहीत. अमायलॉइड दूर करणाऱ्या लेकानेमॅब या औषधास अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. त्याने आजार काहीसा मंदावतो, बरा होत नाही. म्हणून वेळीच निदान महत्त्वाचे ठरते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार व नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते.

वाशीम येथे जिल्हा रुग्णालय असून ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचेही उद्घाटन झाले आहे. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या तालुक्यांतील कुटुंबांनी अशी लक्षणे दिसताच नजीकच्या शासकीय दवाखान्यात सल्ला घ्यावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही उपलब्ध आहे. मधुमेह व रक्तदाब आटोक्यात ठेवणे, ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र वापरणे आणि वृद्धांना घरातील कामांत व गप्पांत सामावून घेणे, हे उपाय प्रत्येक घराच्या आवाक्यातील आहेत. विसरणाऱ्या व्यक्तीवर रागावण्यापेक्षा तिच्या मेंदूत काय घडत आहे हे कुटुंबीयांनी समजून घेतले, तर तिचे उरलेले आयुष्य सन्मानाचे होईल.