देवराई : आहुपे येथील वनदर्शन

नागपूरच्या प्रतापनगर परिसरातून भीमाशंकरास जाणारे भाविक बहुधा ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेऊन लगेच परततात. ज्यांच्या हाती आणखी एक दिवस असेल, त्यांनी आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे गाव अवश्य पाहावे. मंचर, घोडेगाव, डिंभे या मार्गाने तेथे पोचता येते. सह्याद्रीच्या कड्यालगत वसलेले, महादेव कोळी समाजाचे हे शांत गाव. घोडनदीचा उगम याच परिसरातील. गावाजवळ भैरवनाथाची देवराई आहे.

देवराई म्हणजे देवाच्या नावे राखलेले रान. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, वाळकी काटकीदेखील घरी न्यायची नाही, असा पूर्वापार दंडक. विदर्भातील भाविकांना ही भावना अपरिचित नाही. गोंड समाज बडादेवाचा वास साजाच्या, म्हणजेच ऐनाच्या वृक्षात मानतो.

अशा रानात शिरताच ऊन मंदावते. उंच वृक्षांचे शेंडे एकमेकांत गुंतलेले असतात, आणि त्या गुंत्यावरच शेकरूचे जीवन अवलंबून आहे. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी क्वचितच जमिनीवर उतरतो; फांदीवरून फांदीवर झेप घेतो. मधली चार झाडे तुटली की त्याची वाटच खुंटते. त्याच्यासाठीच 1985 साली भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. देवराया मात्र कायद्याच्या कितीतरी आधीपासून राखल्या गेल्या आहेत.

ही राखण नेहमीच सोपी नव्हती. 1970 च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करीत होते. त्या सुमारास श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या काळकाई देवीच्या राईतील वृक्षांवर तोडीच्या खुणा झाल्या होत्या. राई गेली तर ओढ्याचे पाणीही जाईल, हे ग्रामस्थांनी ओळखले होते. त्यांनी या अभ्यासकांना साकडे घातले आणि राई वाचली. वृक्षांखालचा पालापाचोळा पावसाचे पाणी धरून ठेवतो व हळूहळू सोडतो, हे त्या ग्रामस्थांना अनुभवाने ठाऊक होते.

अलीकडे संकट वेगळ्या वाटेने येते, आणि तेही भक्तीच्या नावाने. अनेक देवरायांतील देव झाडाखाली, उघड्यावरच असतो. त्याला सिमेंटचे मोठे मंदिर हवे, सभामंडप हवा, गाड्यांसाठी रस्ता हवा, असे म्हणता म्हणता राईच कापली जाते. देणगी देऊ इच्छिणाऱ्या भाविकांनी या गोष्टीचा विचार करावा. देवाचे छत्र तेथे आधीच उभे आहे.

पावसाळ्यात येथे अतिवृष्टी होते व वाटा निसरड्या होतात. दिवाळीनंतरचा काळ सोयीचा. गावातील जाणकारास सोबत घ्यावे, त्याचा योग्य मोबदला द्यावा. पायताणे कोठे काढावयाची, हे त्यालाच विचारावे. नारळ, हार यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणाव्यात आणि अंधार पडण्यापूर्वी गावात यावे.