बायपासची जखम आणि घरची काळजी

हृदयाची शस्त्रक्रिया म्हटली की पूर्वी कोल्हापूरकरांना मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. आज ती शहरातच होते. १९९७ सालची जीवनदायी योजना आणि आताची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांमुळे गरीब शेतकऱ्यालाही ‘बायपास’ करून घेणे शक्य झाले आहे. शस्त्रक्रिया पार पडून रुग्ण घरी आला की घरच्यांना वाटते, संकट टळले. पण जखमेतील जंतुसंसर्ग पुष्कळदा त्यानंतरच, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोके वर काढतो. तेव्हा रुग्णाजवळ डॉक्टर नसतात, घरची माणसे असतात. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

छातीची जखम वेगळी का?

बायपासच्या वेळी छातीचे मधले हाड उभे कापतात आणि शेवटी ते स्टीलच्या तारांनी बांधतात. हृदयावर जोडण्यासाठी बहुधा पायातली शीर काढतात. म्हणजे पायावरही जखम असते. छातीच्या आतली एक धमनीही वापरली जाते. ही धमनी एरवी छातीच्या हाडाला रक्त पुरवते, त्यामुळे काही काळ हाडाचा रक्तपुरवठा कमी पडतो. संसर्ग कातडीपुरता असेल तर मलमपट्टी व औषधांनी बरा होतो. तो हाडापर्यंत आणि त्यामागे हृदयाजवळ पोचला, तर छाती पुन्हा उघडावी लागते, प्रसंगी जीवावर बेतते. असा खोल संसर्ग साधारणपणे शंभरात एक-दोघांना होतो. मधुमेही, स्थूल आणि तंबाखू-विडी ओढणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो.

हे जंतू येतात कुठून? बरेचसे रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवरून आणि नाकातून. चांगल्या निरोगी माणसाच्या नाकातही ते सुखाने नांदत असतात.

शस्त्रक्रियेपूर्वी

१) रक्तातील साखर काबूत आणा. अमेरिकेतील पोर्टलंड येथील डॉक्टरांनी १९९९ साली सुमारे अडीच हजार मधुमेही हृदयरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिरेतून सतत इन्सुलिन देऊन साखर ताब्यात ठेवल्यावर खोल संसर्गाचे प्रमाण शेकडा २ वरून ०.८ वर आले. इन्सुलिन सुरू केले म्हणून घाबरू नका. ते जखमेसाठीही औषधच आहे.

२) विडी, सिगारेट, तंबाखू आणि मशेरीसुद्धा बंद करा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळते. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर निदान चार आठवडे आधी सोडावे.

३) घरी न्हावी बोलावून छातीचे-पायाचे केस वस्तऱ्याने काढू नका. वस्तऱ्याने डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली वस्तरा वापरू नये असेच सांगितले आहे. गरज पडली तर रुग्णालयात यंत्राने केस कापतात.

४) आदल्या रात्री व त्या दिवशी सकाळी साबण लावून स्वच्छ आंघोळ करा. किडका दात, पायाची भेग, गळू असे काही असेल तर लपवू नका.

प्रतिजैविकाचे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या चिरेपूर्वी सुमारे तासाभराच्या आत देतात आणि सामान्यतः एक-दोन दिवसांत थांबवतात. जास्त दिवस दिले म्हणजे जास्त संरक्षण, असे नसते. त्यामुळे घरी आल्यावर दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणून घेऊ नयेत.

घरी आल्यावर

जखमेला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवा, मग तो हात पत्नीचा असो वा डॉक्टरचा. हळद, राख, खोबरेल तेल, झाडपाला काहीही लावू नका. पायाच्या जखमेवर हळद-तेल थापून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्या लेपाखाली पू साठलेला असतो आणि घरच्यांना मात्र जखम सुकत असल्यासारखे वाटते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर जखम साबण-पाण्याने हलकेच धुऊन स्वच्छ कापडाने टिपावी. विहिरीत किंवा पंचगंगेत डुंबणे जखम पूर्ण भरेपर्यंत बंद.

हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर भरलेली कळशी, वैरणीचा भारा उचलू नये, नातवंडाला कडेवर घेऊ नये, दुचाकी चालवू नये. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी. तारांना हिसके बसून हाड हलले की जंतूंना आत वाट मिळते. स्त्रियांनी स्तनांच्या ओझ्याने जखम ताणली जाऊ नये म्हणून आधार देणारी, पुढून बंद होणारी चोळी वापरावी.

भेटायला गावाकडून गाडी भरून माणसे येतात. प्रेम समजू शकतो. पण सर्दी-खोकला, गळू असलेल्यांनी दारूनच चौकशी करावी.

पथ्याचा गैरसमज

‘अंडे, डाळ खाल्ली की जखम चिघळते’ ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. त्यापायी रुग्णाला आठवडेच्या आठवडे पेज आणि मऊ भातावर ठेवतात. वास्तविक जखम भरायला प्रथिनेच लागतात. डाळ, उसळ, दूध, दही, अंडे, मासे जरूर द्यावेत. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातील तेल, खोबरे आणि मीठ मात्र हृदयासाठी आवरावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांबाबत आधी डॉक्टरांना विचारावे.

केव्हा धावायचे?

ताप व थंडी, जखमेभोवती वाढती लाली, पू किंवा पाणी वाहणे, दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, खोकताना वा कूस बदलताना छातीत ‘टक्’ असे हाड हलल्यासारखे वाटणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तरी त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात जावे. पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये. पहिले तीन महिने ही दक्षता हवी.

रोज सकाळी उजेडात दोन्ही जखमा नीट पाहाव्यात. रुग्णाला स्वतःची छाती धड दिसत नाही. ते काम घरातील एकाने आपल्याकडे घ्यावे. याला खर्च नाही, वेळ दोन मिनिटांचा. पण संसर्ग वेळीच सापडला तर रुग्णाची दुसरी शस्त्रक्रिया टळू शकते.