फावल्या वेळातले शिलेदार आणि घाईचे व्यापारी

शेवंड पकडायची तर कराम्जा बेट गाठायचं. पोर्ट सरिमच्या धक्क्यावर खलाशाच्या हातावर ३० नाणी टेकवायची, पलीकडे मुसा पॉइंटला उतरायचं आणि पाण्यात पिंजरा सोडायचा. पाठीवरच्या पिशवीला २८ खण. एकात पिंजरा, एकात परतीच्या भाड्याची नाणी, उरलेल्या २६ खणांत शेवंडी. पिशवी भरली की पुन्हा ३० नाणी, पुन्हा पोर्ट सरिम, तिथल्या पेटीत माल टाकायचा आणि पुढच्या फेरीला लागायचं. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या ऑनलाइन खेळात मासेमारीची ४०वी पातळी गाठलेला माणूस हेच करत असतो. एका शेवंडीमागे ९० गुण मिळतात आणि ९९वी पातळी आहे १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१ गुणांवर. नुसत्या शेवंडींवर तिथवर पोचायचं म्हटलं, तर सुमारे १ लाख ४४ हजार शेवंडी लागतात.

त्यात एक मेख आहे. ९२वी पातळी गाठलेला खेळाडू जेमतेम निम्म्यावर असतो. ९२ला ६५ लाख १७ हजार २५३ गुण लागतात आणि वरच्या सात पातळ्या जवळपास तेवढेच गुण पुन्हा मागतात. शिवाय लाकूडतोड, स्वयंपाक, लोहारकाम, जादू अशा सुरुवातीपासूनच्या २३ कौशल्यांपैकी मासेमारी हे फक्त एक.

इंग्लंडमधल्या गोवर बंधूंनी २००१ मध्ये आणलेला ‘रूनस्केप’ ब्राउझरमध्ये चालायचा, फुकटही खेळता यायचा, त्यामुळे साध्यासुध्या संगणकावरही त्याचं भागायचं. पुढे तो इतका बदलला की जुन्या खेळाडूंना ओळखू येईना. त्यांच्या मागणीवरून २००७ सालची आवृत्ती फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘ओल्ड स्कूल’ या नावाने पुन्हा सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०१८ पासून तीच फोनवरही आली. तेव्हापासून फावल्या वेळात खेळणाऱ्यांची सोय झाली. जेवणं आटोपल्यावर तासभर, लोकलमध्ये बसायला मिळालंच तर वीस मिनिटं, दिवाळीच्या सुट्टीत जरा जास्त. प्रस्तुत लेखक याच जमातीतला.

या जमातीला ड्रॅगनपासून फारसा धोका नसतो. ड्रॅगनने मारलं तर सामान पंधरा मिनिटं थडग्यात राहतं, धावत जाऊन उचलता येतं. वेळेत नाही जमलं तरी थोडं शुल्क भरून सोडवता येतं. धोका असतो घाईचा. ज्याच्यापाशी वेळ कमी, त्याला जवळची वाट दाखवणारे हमखास भेटतात, आणि खेळातल्या बहुतेक फसवणुकी त्या वाटेच्या तोंडाशीच दबा धरून बसलेल्या असतात.

व्हॅरॉक शहरातल्या ग्रँड एक्स्चेंज या बाजाराच्या चौकात कायम गर्दी असते. त्या गर्दीत कोणीतरी डोक्यावर पिवळी अक्षरं झळकवत उभा असतो : फ्री आर्मर ट्रिमिंग. म्हणजे तुमच्या चिलखताला सोनेरी किनार लावून देतो, तीही फुकट. किनारीचं चिलखत दिसायला झोकदार, ताकदीला मात्र साध्याइतकंच. ते ट्रेझर ट्रेल्स नावाच्या खजिन्याच्या शोधातच मिळतं. ती किनार लावण्याचं काम कोणत्याही खेळाडूला करता येत नाही. ज्याला हे ठाऊक नाही, तो चिलखत काढून देतो. घेणारा त्याच क्षणी दुसऱ्या सर्व्हरवर पसार होतो. ही युक्ती इतकी जुनी आहे की जाणते खेळाडू तिच्यावर विनोद करतात, पण नवे खेळाडू रोज येत असतात आणि विनोद ऐकून येत नाहीत.

दुसरा प्रकार पैसे दुप्पट करून देण्याचा. प्रस्तुत लेखकाच्या क्लॅनमधल्या, म्हणजे खेळाडूंच्या गटातल्या, एका कॉलेजकुमाराला असा दाता भेटला. दहा हजार दिले, वीस हजार परत आले. पन्नास दिले, लाख आले. मग त्याने होतं नव्हतं ते सगळं दिलं. या खेळात देवघेवीच्या खिडकीचे दोन टप्पे असतात. पहिल्यात दोन्ही बाजूंच्या वस्तूंची चित्रं दिसतात. समोरच्याने ऐन वेळी काही काढून घेतलं, तर त्या खणावर लाल उद्गारचिन्ह लुकलुकू लागतं. दुसऱ्या टप्प्यात तोच सौदा अक्षरांत लिहून येतो. त्या मुलाच्या पडद्यावर डावीकडे त्याची सगळी पुंजी होती आणि उजवीकडे, बदल्यात काय मिळणार या मथळ्याखाली, ‘काहीही नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. आधी तू दे, मग मी देतो, हे ठरलेलंच होतं, तेव्हा ती ओळ वाचूनही त्याने होकार दिला. खेळाने त्याला एका शब्दानेही फसवलं नव्हतं.

यावरून क्लॅनमध्ये एक साधा नियम पडला. विकायचं-घ्यायचं ते ग्रँड एक्स्चेंजच्या खिडकीतूनच. तिथे समोरचा कोण हे दिसत नाही, बोलाचाली नाही, मैत्रीचा आव नाही. वस्तू ठेवायची, भाव लिहायचा, गिऱ्हाईक मिळालं की पैसे. विक्रीवर थोडा कर कापला जातो, तो कापू द्यावा.

तिसरी वाट एजव्हिल गावाच्या उत्तरेला आहे. तिथला चर ओलांडला की वाइल्डरनेस सुरू होतं, जिथे एक खेळाडू दुसऱ्याला मारून त्याचं सामान लुटू शकतो. चर ओलांडताना खेळ इशारा देतो. आत मेलात तर सर्वांत मौल्यवान तीन वस्तू सहसा तुमच्याकडे राहतात, बाकीच्यावर पाणी सोडायचं. २०व्या टप्प्याच्या पुढे बहुतेक जादुई सुटका-मंत्र चालत नाहीत. ‘चल, पैसा कुठे मिळतो ते दाखवतो’ म्हणणारा मित्र हे सगळे आकडे तोंडपाठ असलेला असतो. तो तुम्हाला गप्पा मारत बरोबर त्या रेषेपलीकडे नेतो, आणि तिथे त्याचे साथीदार उभे असतात. तरीही वाइल्डरनेसमध्ये जायचं असेल तर खुशाल जावं. अंगावर फक्त तेवढंच न्यावं, जे गेलं तर रात्रीची झोप उडणार नाही.

आता खऱ्या पैशांची गोष्ट. खेळातलं सोनं बाहेर रुपये-डॉलर देऊन विकत घेणं नियमबाह्य आहे, पकडलं गेल्यास खातं बंद होतं. तरीही तो बाजार तेजीत असतो, कारण एका बाजूला वेळ नसलेले लोक आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाइलाज झालेले. व्हेनेझुएलाचं चलन कोसळलं, तेव्हा तिथली कित्येक माणसं दिवसभर या खेळात हिरवे ड्रॅगन मारून सोनं जमवत आणि ते विकून घरचा किराणा भरत. कंपनीनेही एक अधिकृत मार्ग ठेवला आहे : बॉण्ड. तो खऱ्या पैशांनी घेऊन खेळातल्या सोन्यासाठी विकता येतो, किंवा वापरून १४ दिवसांचं सभासदत्व मिळवता येतं. फावल्या वेळातल्या माणसाला हे १४ दिवस सोयीचे पडतात. सुट्टीपुरतं सभासद व्हावं, एरवी फुकटच्या भागात फिरावं.

खर्च हाताबाहेर कसा जातो, याची नोंद ब्रिटिश संसदेच्या दप्तरी आहे. हाउस ऑफ कॉमन्सच्या एका समितीने सप्टेंबर २०१९ मध्ये ऑनलाइन खेळांवर अहवाल दिला. ‘रूनस्केप’मधल्या छोट्या-छोट्या खरेदींपायी आपल्या कर्त्या मुलावर ५० हजार पौंडांहून अधिक कर्ज झालं, अशी एका पालकाची तक्रार त्यात आहे. खेळात महिन्याला ५ हजार पौंडांपर्यंत खर्च करता येऊ शकतो, हे खुद्द कंपनीनेच समितीला सांगितलं. म्हणून पहिल्याच दिवशी एक काम करावं : खेळाच्या खात्याला क्रेडिट कार्ड कायमचं जोडूच नये. दर वेळी आकडे हाताने टाकावे लागले, की तेवढ्या मिनिटभरात पुष्कळदा खरेदीची खुमखुमी उतरते.

घाईला उलटा लगाम घालण्याचा प्रयोगही या क्षेत्रात झाला आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत आला. त्याआधीच्या चाचणीत असं ठेवलं होतं, की फार वेळ सलग खेळलात तर गुण निम्मे मिळतील. खेळाडू भडकले. रचनाकारांनी मग तेच गणित उलट्या बाजूने मांडलं : विश्रांती घेऊन आलेल्याला शत्रू मारल्यावर दुप्पट गुण, ती शिल्लक संपली की नेहमीचे. तक्रार मिटली. सराईत जाऊन लॉगआउट केलं, तर दर आठ तासांना पातळीचा विसावा भाग एवढी विश्रांती जमा होते; दीड पातळीपर्यंत ती साठते. चार दिवस ऑफिसच्या गडबडीत गेलेल्या माणसाला याचा फायदा रोज खेळणाऱ्यापेक्षा जास्त. फक्त लॉगआउट रानात नव्हे, सराईत करायचं, एवढं लक्षात ठेवावं.

याच खेळात दुसरा फास मात्र प्रेमाचा असतो : गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा कायमचा गट. मोठ्या मोहिमेत एक ढाल धरणारा, एक जखमा भरणारा, बाकीचे मारणारे, अशी कामं वाटलेली असतात. ढालवाला आला नाही की सगळे ताटकळतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गिल्डने रात्री आठची वेळ ठरवली, तर पुण्यात तेव्हा उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. आठवड्यातून दोन पहाटा असं काही दिवस निभतं, मग ऑफिसात डुलक्या आणि घरात धुसफूस सुरू होते. अशा गिल्डमध्ये शिरतानाच स्पष्ट सांगावं, की येईन तेव्हा येईन, जबाबदारीची जागा नको. मोहीम नुसती पाहायची असेल तर २०११ पासून ‘रेड फाइंडर’ आहे. तो अनोळखी लोकांची तुकडी जमवून देतो, आणि त्या तुकडीला तुमच्या पुढच्या मंगळवारशी देणंघेणं नसतं.

खेळ झोपेच्या, नोकरीच्या, घरच्यांच्या पुढे जाऊन बसला आणि नुकसान दिसत असूनही थांबता येईना, तर तो इच्छाशक्तीचा प्रश्न उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अशा अवस्थेला आजारांच्या नव्या वर्गीकरणात जागा दिली असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून ‘शट क्लिनिक’ हा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. आईवडिलांनी राउटर लपवण्याआधी तिथल्यासारख्या समुपदेशकाशी बोलावं.

बाकीच्यांना थोडी व्यवहारी तयारी पुरते. ‘रूनस्केप’मध्ये बँकेला चार आकडी पिन लावता येतो, तो पहिल्या तासातच लावावा. खात्याला ऑथेंटिकेटर जोडावा. ‘मी खेळ सोडतोय, सगळं वाटून टाकतोय’ अशा थेट प्रक्षेपणातल्या लिंकवर पासवर्ड टाकू नये. आणि शेवंडी पकडताना ‘तासाला जास्तीत जास्त गुण’ शिकवणारे व्हिडिओ बाजूला ठेवावेत. ते दिवसाचे आठ तास खेळणाऱ्यांसाठी केलेले असतात.

अजून खेळ ठरवला नसेल तर निवड सवडीप्रमाणे करावी. ‘गिल्ड वॉर्स २’ला मासिक वर्गणी नाही आणि २०१२ मध्ये असलेली ८०वी ही सर्वोच्च पातळी त्याने आजवर वाढवलेली नाही, त्यामुळे वर्षभराने परतलेला माणूसही मागे पडलेला नसतो. ‘फायनल फँटसी १४’ची मोफत चाचणी ७०व्या पातळीपर्यंत चालते, तिला दिवसांची मुदत नाही. चाचणीच्या खात्याला बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही, दुसऱ्याशी देवघेव करता येत नाही आणि खेळातला पैसा ३ लाखांच्या वर साठवता येत नाही. नवे लोक या बंधनांवर कुरकुर करतात आणि सेल लागला की पूर्ण खेळ घेऊन टाकतात. एकदा पूर्ण खेळ त्या खात्यावर नोंदवला, की चाचणीकडे परतता येत नाही आणि पहिल्या महिन्यानंतर वर्गणी सुरू होते. तेव्हा ७०वी पातळी येईपर्यंत सेलची जाहिरात वाचून सोडून द्यावी.