१४२८५७ आणि देवळालीचे कापरेकर

प्रश्न : १४२८५७ ला २ ते ६ पैकी कशानेही गुणलं, तरी तेच आकडे फिरून येतात. आपल्या नाशिकच्या कापरेकरांशी या संख्येचा काही संबंध आहे का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आहे, आणि फार देखणा आहे. आकडे फिरतात, कारण १ ला ७ ने भागल्यावर दशांशात हेच सहा आकडे पुन्हा पुन्हा येतात. आता तिचा वर्ग करा : २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे पाडून बेरीज घ्या. २०४०८ + १२२४४९ = १४२८५७! अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

हे घडतं कसं? १४२८५७ × ७ = ९९९९९९, आणि तिच्यातून १ वजा केला की उरलेल्या १४२८५६ ला ७ ने नि:शेष भाग जातो. भागाकार? २०४०८, म्हणजे वर्गाचा पहिलाच तुकडा! मला हा भाग सर्वांत आवडतो.

देवळालीत शाळामास्तरकी करत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी (१९०५–१९८६) असे शोध लावले. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’, आनंद देणाऱ्या, हे नावही त्यांचंच. १४२८५७ च्या अंकांची बेरीज २७. भागून पाहा, ५२९१ येतील.

‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जाणारा त्यांचा प्रसिद्ध ६१७४ सुद्धा हर्षदच आहे.