ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही : एअरकूल इंजिनवाल्या जुन्या ट्रॅक्टरची तपासणी



ऊस विकास विभागाच्या पानावर एरवी बेणेप्रक्रिया, पाचट कुजविणे, खोडव्याची निगा असे विषय येतात. या वेळी विषय सेल्फ-स्टार्टरचा घेतला आहे. उसाच्या माणसाने मेकॅनिकच्या कामात कशाला तोंड घालावे, असे कोणी म्हणेल. तर त्याचे उत्तर फडावर मिळते. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातले पाणी उडते, वजन घटते, आणि साखरेचा काही भाग न जमणाऱ्या साखरेत बदलून उतारा खाली येतो. म्हणून तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा असा आपला आग्रह असतो. टोळीने पहाटेपासून कोयता चालवावा, मोळ्या बांधाव्यात, ट्रॉली भरावी, आणि दुपारी दोन वाजता ट्रॅक्टरने नुसते 'टक' करून गप्प बसावे. यात वजन सभासदाचे जाते आणि खेप टोळीची बुडते.

दुसरे कारण याहून मोठे आहे. सेल्फ घेत नाही म्हटल्यावर आपल्याकडे सर्रास पाना किंवा स्क्रूड्रायव्हर घेऊन स्टार्टरच्या दोन नटांना भिडवतात आणि उभ्याउभ्या ट्रॅक्टर चालू करतात. हे करणारा माणूस मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात उभा असतो. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, चावी बंद असली तर ते पेटत नाही. डिझेलला ठिणगी लागत नाही. स्टॉपचा दांडा ओढलेला नसेल आणि इंजिन फिरले, की ते पेटले. अशा वेळी गिअर पडलेला राहिला असला तर ट्रॅक्टर जागेवरून निघतो आणि मागचे चाक समोरच्या माणसावर चढते. बाजूला उडी मारू म्हणणाऱ्याला तेवढा वेळ मिळत नाही. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून ज्या ट्रॅक्टरांना स्विच दिलेला असतो, तोही या युक्तीने निकामी होतो. या पद्धतीने ट्रॅक्टर चालू करणे बंद झाले पाहिजे, एवढ्याचसाठी हा लेख लिहिला असे समजा. दुखणे कुठे आहे हे ओळखता आले म्हणजे पान्याची गरज उरत नाही.

आता एअरकूल ट्रॅक्टरविषयी. १९५९ साली फरिदाबादला जर्मनीच्या आयशर कंपनीच्या सहकार्याने आपल्या देशात ट्रॅक्टर तयार होऊ लागले. त्यांचे इंजिन हवेने थंड होणारे होते. रेडिएटर नाही, पाण्याची भानगड नाही, म्हणून कमी पाण्याच्या मुलखातल्या लहान शेतकऱ्याला ते पटले. पुढे २५ अश्वशक्तीच्या आसपासचे एका सिलिंडरचे एअरकूल मॉडेल गावोगाव गेले. २००५ मध्ये हा ट्रॅक्टरचा धंदा चेन्नईच्या टॅफे कंपनीकडे गेला. जुने ट्रॅक्टर मात्र पेरणी, फवारणी, पाण्याचा टँकर, वैरण वाहणे आणि हंगामात हलकी ट्रॉली ओढणे अशी कामे करीत राहतात. ज्याच्या दारात असा ट्रॅक्टर आहे त्याला ही तक्रार पाठ असेल : सकाळी थंडपणी एका झटक्यात चालू होतो, दुपारी बंद केला की पुन्हा सेल्फ घेत नाही, आणि तासाभराने थंड झाला की परत शहाण्यासारखा चालू होतो.

हे दुखणे आपलेच नाही. जर्मनीची फोक्सवॅगन बीटल ही मोटार अशीच एअरकूल इंजिनाची, इंजिन मागे. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स या माणसाने तिचा सांगाडा घेऊन वर फायबरचे हलके शरीर बसवले आणि समुद्रकाठच्या वाळूवर पळणारी बग्गी बनवली. त्या जुन्या बग्ग्या चालवणारे हौशी लोक आजही हेच रडगाणे गातात, की गाडी गरम झाली की स्टार्टर मुका होतो. कारणही तेच आणि इलाजही तोच, म्हणून ते पुढे सविस्तर सांगतो.

आधी सेल्फ काम कसे करतो ते पाहू. स्टार्टरच्या पाठीवर जी लहान नळकांडी असते ती सॉलेनॉइड. चावी फिरवली की एका बारीक वायरने तिच्यात करंट जातो आणि आतला लोखंडी दट्ट्या ओढला जातो. हा दट्ट्या एकाच वेळी दोन कामे करतो : बेंडिक्सचे दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकवतो, आणि शेवटी तांब्याची चकती दोन जाड नटांवर दाबून बॅटरीचा मोठा करंट मोटरला देतो. बारीक वायरचा मार्ग वेगळा, जाड केबलचा मार्ग वेगळा. दोष कोणत्या मार्गावर आहे हे ठरले की निम्मे काम झाले.

"लाइट तर झकास लागतो, मग बॅटरी खराब कशी?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. याचे गणित समजून घ्या. केबलच्या टोकाला पांढरा-हिरवा क्षार धरला आणि तिथे फक्त ०.०१ ओहम एवढा अडथळा तयार झाला असे धरू. दिव्याला सुमारे ५ अँपिअर लागतात. ५ गुणिले ०.०१ म्हणजे ०.०५ व्होल्ट घट, ती दिव्याला कळतही नाही. सेल्फला मात्र २०० अँपिअर किंवा जास्त लागतात. २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट तिथेच गेले. बारातले दोन गेले, बॅटरी स्वतः ओझ्याखाली खाली आली, मग मोटरला उरले काय? पाटाला एका जागी कचरा अडकला तर घागरभर पाणी मिळते, पण शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही, तसेच हे आहे.

तपासणीला हात घालण्यापूर्वी गिअर न्यूट्रल करा, पीटीओ सोडवा, हँडब्रेक ओढा, चारही चाकांना दगड लावा, आणि डिझेल बंद करण्याचा स्टॉपचा दांडा ओढून ठेवा म्हणजे सेल्फ मारला तरी इंजिन पेटणार नाही. सेल्फ सीटवर बसलेल्या माणसानेच मारायचा. फडात वाळलेल्या पाचटावर उभे राहून बॅटरीचे काम करू नका. एक ठिणगी पुरते. बॅटरीतून निघणारा वायूही पेट घेणारा असतो, तेव्हा बिडी लांब. केबल सोडताना आधी अर्थची, जोडताना अर्थची शेवटी.

मीटर नसला तरी हेडलाइट हाच आपला मीटर. लाइट लावा, त्यावर नजर ठेवा आणि सेल्फ मारा. लाइट एकदम विझल्यासारखा झाला तर बॅटरी उतरली आहे, किंवा बॅटरीच्या खांबावरचा क्लॅम्प ढिला अथवा क्षार धरलेला आहे. क्वचित मोटर आतून जाम असते. सेल्फ सोडल्यावर क्लॅम्पला हात लावून पाहा. जो सांधा गरम लागेल तो चोर. लाइट जराही मंद झाला नाही तर मोठा करंट निघतच नाही. दोष चावीचा स्विच, बारीक वायर, सॉलेनॉइड किंवा घासलेले कार्बन यांपैकी एकात आहे.

कानानेही पुष्कळ कळते. 'कट-कट-कट-कट' असा झपाट्याने आवाज येतो तेव्हा सॉलेनॉइड ओढतो, मोटर करंट खाते, उतरलेल्या बॅटरीचा व्होल्ट पडतो, सॉलेनॉइड सुटतो आणि पुन्हा ओढतो. बॅटरी चार्ज करा. एकच जोरदार 'टक' आणि पुढे शांतता असेल तर तांब्याची चकती जळलेली आहे किंवा कार्बन संपले आहेत. 'भर्रर्र' असा मोटर फिरल्याचा आवाज येतो पण इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्सचा एकेरी क्लच घसरतो आहे किंवा रिंगचे दाते गेले आहेत. एका सिलिंडरच्या इंजिनात दात्यांची गोष्ट जास्त संभवते. इंजिन बंद होताना दर वेळी बहुतेक त्याच जागी, म्हणजे दाब सुरू होण्याच्या अलीकडे थांबते. त्यामुळे बेंडिक्सही दर वेळी रिंगच्या त्याच दात्यांवर आदळतो आणि तेवढाच तुकडा झिजतो. इंजिन हाताने थोडे फिरवून पुन्हा सेल्फ मारल्यावर घेतला तर खूण पटली. रिंग तापवून बसवलेली असते. चांगला कारागीर ती उतरवून जागा बदलून बसवतो आणि आणखी काही वर्षे निघतात.

मीटर असेल तर फारच उत्तम. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचा व्होल्ट १२.६ च्या आसपास हवा, १२.२ म्हणजे निम्मी उतरली. सेल्फ मारताना तो साडेनऊच्या खाली जाऊ नये. मग एक काडी बॅटरीच्या अधिक खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावर) आणि दुसरी स्टार्टरच्या जाड नटावर ठेवून सेल्फ मारायला सांगा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर केबल किंवा तिचे लग खराब आहेत. तसेच उणे खांब आणि स्टार्टरचे अंग यांमध्ये पाहा. अर्थिंगचा दोष इथे पकडला जातो. रंग, गंज आणि ऑइलमध्ये माखलेली काळी माती यांच्यावर अर्थचा नट आवळला तर तो आवळून न आवळल्यासारखाच. धातू उघडा पडेपर्यंत घासून नट बसवा, नंतर वरून ग्रीस लावा. माझ्या पाहण्यात सेल्फच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात, आणि खर्च पॉलिश पेपरच्या तुकड्याचा.

आता दुपारच्या दुखण्याकडे येऊ. तांब्याची तार तापली की तिचा अडथळा वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. सकाळी ३० अंशांवर असलेला सॉलेनॉइड दुपारी इंजिनाच्या धगीने १०० अंशांवर गेला तर अडथळा सव्वा पटीहून जास्त होतो आणि त्यातून जाणारा करंट पाचव्या हिश्शाने कमी होतो. ओढण्याची ताकद त्याहून जास्त घटते. त्यात चावीचा स्विच जुना, त्याचे पत्रे काळे पडलेले, आणि बारीक वायर बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत जाऊन पुन्हा मागे आलेली. सॉलेनॉइड ओढताना क्षणभर ३०-४० अँपिअरही घेतो. एवढा करंट त्या वाटेने पोचत नाही. थंडपणी कसेबसे भागते, गरमपणी भागत नाही. लोक मग नवी बॅटरी घेतात, नवा स्टार्टर घेतात, आणि दुखणे तसेच राहते.

यावर इलाज रिलेचा. बाजारात ३० किंवा ४० अँपिअरचा साधा चार पायांचा १२ व्होल्टचा रिले मिळतो, पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. स्टार्टरच्या ज्या जाड नटावर बॅटरीची केबल येते तिथून ४ चौरस मिलिमीटरची वायर फ्यूज घालून ३० ला द्या. ८७ मधून तेवढीच जाड वायर सॉलेनॉइडच्या लहान टर्मिनलला. चावीकडून येणारी जुनी वायर सॉलेनॉइडवरून काढून ८६ ला, आणि ८५ अर्थला. क्लचचा सुरक्षा-स्विच चावीच्या वायरमध्ये असेल तो तसाच ठेवा, त्याला बगल देऊ नका. रिले इंजिनाच्या धगीपासून आणि पाण्यापासून दूर बसवा. आता चावीला फक्त रिले ओढायचा आहे, मोठे ओझे जाड आणि आखूड वायरवर गेले. बग्गीवाले हौशी लोकही हेच करतात.

पण रिले बसवून धग कमी होत नाही. एअरकूल इंजिनाच्या सिलिंडरभोवतीच्या पात्यांत पाचटाचा भुगा, धूळ आणि गळालेले ऑइल यांचा लेप बसतो आणि हवा खेळत नाही. हंगामात आठवड्यातून एकदा, इंजिन थंड असताना, ब्रश आणि हवेने पाती साफ करा. ब्लोअरचा पट्टा ढिला नाही ना ते पाहा. भरल्या ट्रॉलीनिशी आल्याबरोबर इंजिन झटकन बंद करू नये, दोन-तीन मिनिटे हळू चालू द्यावे, म्हणजे ब्लोअर धग काढून नेतो.

स्टार्टर उघडण्याची वेळ आली तर कार्बनबरोबर बुशही बदलून घ्या. बुश झिजले की आर्मेचर खाली बसते, आतल्या लोखंडाला घासते आणि सेल्फ जडजड फिरतो. बॅटरीला उगाच दोष लागतो. बीटल गाडीत तर एक बुश स्टार्टरमध्ये नसून गिअरबॉक्सच्या कवचात असतो, त्यामुळे नवा स्टार्टर घालूनही पहिले पाढे पंचावन्न. आपल्याकडे दुकानात स्टार्टर टाकताना "पुढचा आणि मागचा दोन्ही बुश" असे स्पष्ट सांगा आणि काढलेले जुने बुश परत मागून घ्या.

सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, नंतर निदान मिनिटभर थांबा. इंजिन जोरात फिरूनही पेटत नसेल तर दोष सेल्फचा नाही; डिझेलमध्ये हवा धरली आहे का, फिल्टर चोंदला आहे का ते पाहा. आणि धारूरच्या घाटासारख्या जागी भरल्या ट्रॉलीने ट्रॅक्टर बंद पडला तर उतारावर मागे सोडून चालू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नका. चाकांना दगड लावा, पुढे-मागे माणूस उभा करा, आणि दुसरा ट्रॅक्टर येईपर्यंत ट्रॉलीच्या मागे कोणाला बसू देऊ नका.

हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर महिनोन् महिने उभा राहणार असेल तर बॅटरी काढून सावलीत ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा, आणि पाणी कमी झाले तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचे पाणी घालू नका, त्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात.